बाब म्हणणारं गाव

कॉव्हेंट्री,
१२ जानेवारी १९८६

अहो,

मायना काय लिहावा यावर एक अख्खा एअरोग्राम फुकट गेला. 'प्रिय' लिहिलं तर तुम्ही चष्मा काढून पुसाल आणि परत वाचाल. 'तीर्थरूप' लिहायला तुम्ही माझे वडील नाही. तेवीस वर्षं हाक मारली त्याच शब्दाने सुरुवात केली. चालवून घ्या.

तुमचं पत्र मिळालं. घराला चुना काढून घेतलात, विहिरीला नवा रहाट बसवलात, आता मी कधी येते असं विचारलंत. 'चार महिन्यांसाठी' म्हणून वेंगुर्ल्याला गेलात त्याला आता चार महिने होऊन गेले, हे मीही विचारू शकते. पण नाही विचारत. इथे बॉयलर बंद पडला होता. माणूस आला, नुसतं ठोकून गेला, आणि चालू झाला. बर्फ गुडघाभर आहे. लायब्ररी मात्र एक दिवस बंद नव्हती. भारतीय भाषांचं कपाट आता पूर्ण माझ्या ताब्यात दिलंय. पंजाबी आणि गुजराती पुस्तकं फुटतात इतकी वाचली जातात. मराठी पुस्तकं मीच नेते आणि मीच परत करते.

काल शेजारच्या मॉरीनने विचारलं, "तुमच्यात बाबचा अर्थ काय होतो गं?" तिने हे इतक्या वर्षांत कधी विचारलं नव्हतं. तिच्या स्वयंपाकघरात चहा पीत बसले होते. मग सगळं सांगितलं. आपल्या मुलाच्या बारशाला मामंजींचं नाव ठेवलं, श्रीनिवास. आता सासूबाई नवऱ्याचं नाव घेणार कशा, आणि मी सासऱ्यांचं नाव घेणार कशी? पाळण्यातल्या पोराला हाक मारायची पंचाईत. मग वेंगुर्ल्यात लाडाने मुलग्याला म्हणतात तसं बाब म्हणायला लागलो, आणि तेच चिकटलं. मॉरीन म्हणाली, "सो यू नेव्हर सेड हिज नेम? नॉट वन्स?" मी म्हटलं, नाही. शाळेच्या फॉर्मवर लिहिलं, तोंडाने नाही. तुमचं नाव मी डेंटिस्टच्या काउंटरवर घ्यायला शिकले, पण मामंजींचं जिभेवर आलंच नाही. तिला ते फार क्रूर वाटलं. मग मी तिला बसची गोष्ट सांगितली आणि ती रडली.

तुम्हाला आठवते ना? चार वर्षांचा होता. इथे येऊन आठवडासुद्धा झाला नव्हता. तुम्ही हॉस्पिटलात ड्यूटीवर, आणि मी त्याला घेऊन बसमध्ये चढले. कंडक्टर बाईने त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "होल्ड टाइट, बाब." लंडनचे लोक कसं म्हणतील माहीत नाही, पण इथल्या माणसांचा 'आ' कसा तोंडभर असतो. पोरगं थक्क झालं. म्हणालं, "आई, हिला माझं नाव कसं कळलं?" मग दुधवाला म्हणाला, शाळेतली जेवण वाढणारी म्हणाली, मॉरीन तर कुंपणावरूनच म्हणाली. या मुलाला वाटलं, सगळ्या गावाला कुणीतरी आधीच कळवून ठेवलंय. सहा-सात वर्षांचा होईपर्यंत त्याला हेच वाटत होतं. इथे लाडाने कुणालाही बाब म्हणतात, हे आपण दोघांनी ठरवून त्याला सांगितलं नाही.

तुम्ही जाताना दारात म्हणालात, "मला या गावात श्वास घेता येत नाही, जो तो त्याचं नाव घेतो." बेकरीतल्या मुलीने "देअर यू गो, बाब" म्हटलं तेव्हा पाव काउंटरवर टाकून बाहेर पडलात, तेही मला माहीत आहे. पाव मी नंतर जाऊन आणला.

पण मला इथून हलता येत नाही ते ह्याचसाठी. तो गेल्यापासून त्याचं नाव घरात कुणी घेत नाही. बाहेर पडलं की लोक घेतात. तिकीट देताना घेतात, मासे बांधताना घेतात. त्यांना कळतही नाही काय देतायत ते. हे सोडून मी वेंगुर्ल्याला कशी येऊ, तुम्हीच सांगा.

तब्येत सांभाळा. नारळ पाडायला स्वतः उभे राहू नका.

मधुमती


कॉव्हेंट्री,
२१ सप्टेंबर १९८६

अहो,

तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी आठ दिवस घेऊन फिरते आहे. 'त्या बाबीवर आता चर्चा नको.'

हा शब्द तुम्हाला इथेच सापडला? मराठीत विषय आहे, गोष्ट आहे, प्रकरण आहे, मुद्दा आहे. तुम्ही नेमका हा उचललात आणि त्याला मामलेदार कचेरीतल्यासारखा कागदावर ठेवून दिलात. माझ्या मुलाची बाब झाली. मी लायब्ररीत ट्रॉली सोडून जिन्यात जाऊन बसले.

राग उतरल्यावर कोश काढला. मला आता हे व्यसनच लागलंय. जाड्या मराठी कोशात दिलंय, बाब म्हणजे मुद्दा, कलम, हिशेबातलं सदर, मूळ अरबी. तुमच्या हॉस्पिटलातले ते डॉ. हिकमत परवा पुस्तक परत करायला आले होते, त्यांना विचारलं. ते बगदादचे, त्यांच्या तोंडातून तो शब्द अगदी ओळखीचा आला. म्हणाले, "बाब मीन्स डोअर." दार. पुस्तकाचा अध्याय म्हणजेही बाब, कारण एकातून दुसऱ्यात जायचं असतं. तिथून फारसीत, फारसीतून आपल्या कचेऱ्यांत. आणि आपल्या वेंगुर्ल्याचा बाब बहुतेक वेगळ्याच घरातला, बाबा-बापूच्या नात्यातला. मॉरीनचा तिसरा, तिच्या मते तो 'बेबी'चा, तिची आजी 'बॅबी' म्हणायची. तीन घरांतली तीन माणसं एकमेकांना कधी भेटली नाहीत, आणि नाव एकच.

डॉ. हिकमत मला म्हणाले, "मिसेस, हाऊ इज युअर हजबंड? व्हेन इज ही कमिंग?" मी म्हटलं, लवकरच. खोटं बोलायची सवय झाली आहे. मराठी मंडळाच्या गणपतीतही हेच सांगितलं. सगळे समजूतदारपणे मान डोलावतात, आणि मला त्या मानांचा राग येतो.

आता स्पष्ट लिहिते, म्हणजे तुम्हाला उगीच अर्थ लावत बसायला नको. माझी नोकरी, हे घर, ही थंडी, यांतलं काहीच मला धरून ठेवत नाही. गावाबद्दल मागे लिहिलं ते खरं आहे, पण त्यावरही पाणी सोडीन. मला फक्त तुम्ही त्या रविवारबद्दल एकदा बोलायला हवे आहात. एकदाच. तीन वर्षं झाली, तुमच्या तोंडून त्या दिवसाबद्दल एक अक्षर निघालं नाही. माझ्यापुढे, माझ्याकडे बघून, जे झालं ते तुम्ही तुमच्या शब्दांत सांगा. मी मध्ये बोलणार नाही. त्यानंतर म्हणाल तिथे येते, बॅग घेऊन. नाही बोलायचं तर तुमच्या त्या चुना लावलेल्या घरात आपण दोघं दोन खांबांसारखी राहू. मला ते जमणार नाही.

पत्र कडक झालं. पण फाडत नाही.

मधुमती


कॉव्हेंट्री,
६ मार्च १९८८

अहो,

कोकमाचं आगळ आणि कुळथाचं पीठ पोचलं. मंडळातल्या सुमेधा वहिनी तिकडून परतल्यावर स्वतः देऊन गेल्या, थांबल्या नाहीत. बाटली थोडी गळली होती, त्यांच्या सगळ्या साड्यांना वास लागला असणार. मी सोलकढी केली, एक वाटी मॉरीनला दिली. तिला तो शँपू वाटला.

मागच्या महिन्यात तिकीट काढलं होतं. तुम्हाला कळवलं नव्हतं, अचानक दारात उभी राहणार होते. मग रद्द केलं. ट्रॅव्हल एजंट रवी म्हणाला, "काकू, यू आर माय बेस्ट कस्टमर, तुम्ही कधी जातच नाही." हे दुसऱ्यांदा झालं.

बसमध्ये आता कंडक्टर नाहीत. एकटा ड्रायव्हर, काचेमागे. पैसे टाका, तिकीट घ्या, पुढे व्हा. एखादा म्हणतो अजून "टा, बाब", पण तरुण पोरं नुसतीच मान हलवतात. मासळीच्या दुकानाचं सुपरमार्केट झालं. पूर्वी सकाळभरात इतक्यांदा ऐकायला मिळायचं की मोजायचं सुचायचं नाही. आता एखादा दिवस कोरडाच जातो. मग मी उगीच मॉरीनकडे जाते.

त्या रविवारबद्दल तुम्ही लिहीत नाही, तर मीच लिहिते. निदान एका कागदावर तरी असू दे.

ईस्टरचा रविवार. तो सुट्टीला घरी आला होता. सकाळी डोकं दुखतंय म्हणाला. मी खिडकीचा पडदा उघडला तर म्हणाला, "आई, बंद कर, लाइट टोचतोय." अंगात ताप. तुम्ही हात लावलात, घसा बघितलात, म्हणालात, "फ्लू आहे, झोपू दे." दुपारी उलटी झाली. मी म्हटलं, श्रीकांतरावांना फोन करू का? ते फिजिशियन, दहा मिनिटांवर राहायचे, तुम्ही तर हाडांचे डॉक्टर. तुम्ही म्हणालात, "अगं, संडे आहे, त्यांच्याकडे मंडळी जेवायला आलीयत. घरात डॉक्टर असताना फ्लूसाठी बोलावलं तर काय म्हणतील?" मी गप्प बसले. आपल्या सगळ्याच डॉक्टरांच्या घरी असंच चालायचं. घरचं दुखणं घरीच बघायचं, दुसऱ्या डॉक्टरला रविवारी उठवायचं नाही. मला ते सभ्यपणाचं वाटायचं. अभिमानसुद्धा होता, आमच्याकडे डॉक्टर घरातच आहे. संध्याकाळी त्याच्या पायावर मेंदूज्वराचे ते डाग दिसले आणि तुमचा चेहरा बदलला. तुम्ही त्याला उचललात. एकोणीस वर्षांचा मुलगा, तुमच्याहून उंच, आणि तुम्ही त्याला लहान बाळासारखा उचलून गाडीत नेलात. मला ते अजून दिसतं.

मी तुम्हाला कधी काही बोलले नाही. पण ताट वाढायचे आणि खोलीतून निघून जायचे. दोन वर्षं. तुम्ही एकटे जेवायचात, मला आतून तुमच्या चमच्याचा आवाज यायचा. होय, मी तुम्हाला दोष दिला. रोज दिला. आता तो तेवढा राहिलेला नाही, पण नाहीसा झालाय असं लिहिलं तर ते खोटं होईल. तुम्हाला हे कळलं म्हणूनच तुम्ही गेलात. बेकरीतल्या पोरीचं नाव उगीच पुढे केलंत.

कारण बघा ना, मला हे उशिरा सुचलं. त्या शब्दापासून पळायचं असतं तर माणूस जगात कुठेही जाईल, वेंगुर्ल्याला जाणार नाही. तिथे घराघरांत बाब. वासुदेवबाब, शांतारामबाब, झाडावर चढणारा बाब, शाळेत निघालेला बाब. विस्तवातून उठून चुलीत जाऊन बसलात. मग गेलात कशासाठी?

उत्तर द्या, नाहीतर आगळ पाठवू नका.

मधुमती


कॉव्हेंट्री,
१८ ऑगस्ट १९९१

अहो,

यमुनावन्सं येऊन गेल्या. मुलीकडे मेडनहेडला आल्या होत्या, मग चार दिवस माझ्याकडे राहिल्या. तुमची बहीण म्हणून वरवर जपून बोलणार असं वाटलं होतं. पण दुसऱ्याच दिवशी भाजी निवडताना त्यांनी सगळं सांगून टाकलं.

तुम्ही मला काय लिहीत होता? बाग, सुपारी, संध्याकाळी पत्ते, शशी मास्तरांशी बुद्धिबळ. मी ते वाचून जळफळायचे. इथे मी आणि तिथे हे पत्ते कुटतायत.

वन्सं म्हणाल्या, "अगो, पत्ते कसले? दादाचो पडवीत दवाखानो असा. तुका म्हायत नाय?"

त्यांनी सांगितलं ते असं. सकाळी पडवीत बाक टाकून बसता. पैसे घेत नाही. हाड मोडलं, मुरगळलं, विंचू चावला, बघता. पण ताप आलेलं पोर आलं की तुम्ही त्याला औषध देत नाही. एक गोळीसुद्धा नाही. आईला आणि पोराला आपल्या गाडीत घालता आणि थेट गोव्याच्या मोठ्या हॉस्पिटलात नेता. साधं पडसं असलं तरी. लोक हसतात. वन्सं म्हणाल्या, "सगळे म्हणतात डॉक्टर इंग्लंडात ऱ्हवान डॉक्टरकी इसारलो." तिथले डॉक्टरही वैतागलेत, एवढ्याशा तापाला इतक्या लांब कशाला आणता म्हणून. तुम्ही त्यांच्यापुढे हात जोडून उभे राहता म्हणे. तुम्ही, ज्यांनी एका रविवारी जवळच्या डॉक्टरला फोन करायला संकोच केला.

मी हातातली भाजी तशीच ठेवली.

आणि मग त्या म्हणाल्या, प्रत्येक पोराला तुम्ही बाबच म्हणता. कुणाचं नाव विचारत नाही. "ये रे बाब, बस बाब, दुखलं काय बाब." दिवसभर पडवीतून तेच ऐकू येतं. त्यांना वाटलं, तुम्हाला नावं लक्षात राहत नाहीत.

मला वाटत होतं, तुम्ही त्या शब्दापासून पळालात. इथे लोक तो आपल्याला म्हणायचे. आपण ऐकायचो, आणि आपल्याला तो कुणाला म्हणता यायचा नाही. कुणाच्या पोराला म्हणणार होता तुम्ही इथे? तुम्हाला ऐकायचा नव्हता, म्हणायचा होता. आणि म्हणायचा तर जगात एकच गाव होतं. मी मात्र सहा वर्षं तुम्हाला पळपुटे समजत बसले.

हे मला का नाही लिहिलंत? मी इतकी वाईट आहे का, की मला पत्त्यांची गोष्ट सांगावी लागली?

वन्संना परतीच्या बसमध्ये बसवायला गेले तेव्हा ड्रायव्हर म्हणाला, "माइंड हाऊ यू गो, बाब." म्हातारा होता, म्हणून म्हणाला. वन्संनी चमकून माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, इथेही म्हणतात. त्यांनी माझा हात दाबला.

पत्राची वाट बघते. खरोखर बघते.

मधु


कॉव्हेंट्री,
४ डिसेंबर १९९१

अहो,

तुमच्या तीन ओळी मिळाल्या. सगळं पत्र मिळून तीनच ओळी, पण त्यासाठी मी काय दिलं असतं ते तुम्हाला सांगून कळायचं नाही.

'तू लिहिलंस ते सगळं खरं आहे. आणखीही आहे, ते तुला माहीत नाही. पत्रात जमत नाही, ये, समोर बसून सांगतो.'

स्वयंपाकघरात उभ्याउभ्या वाचलं. मग बसून वाचलं. मग मॉरीनला वाचून दाखवलं, भाषांतर करून. तिने विचारलं, "वॉट एल्स इज देअर, बाब? वॉट डोंट यू नो?" मला माहीत नाही. गाडीत तो तुम्हाला काही बोलला असेल. मी मागच्या सीटवर त्याचे पाय मांडीवर घेऊन होते, डोकं तुमच्या बाजूला होतं. तुम्ही एकदा मान हलवलीत एवढं मला आठवतं. की दुपारीच तुम्हाला शंका आली होती? असेल तर तेही सांगा. मी आता काहीही ऐकू शकते. मध्ये बोलणार नाही म्हटलं होतं, ते पाळीन.

मार्चअखेर रिटायर होते. लायब्ररीवाले चहापार्टी करणार, घड्याळ देणार, ते घेतल्याशिवाय निघाले तर वाईट दिसेल. दहा एप्रिलचं तिकीट काढलंय. रवीने विचारलं, "कॅन्सलेशन इन्शुरन्स हवा ना काकू?" मी म्हटलं, नको. तो खुर्चीतून उठला आणि माझ्याशी हँडशेक केला.

घर विकायचं की ठेवायचं ते तुम्हाला विचारून ठरवीन. त्याचे कपडे मॉरीनच्या चर्चला देऊन टाकले. निळा स्वेटर ठेवला. तो तुमच्यासाठी आणते, तिकडे थंडी नाही हे माहीत असूनही.

एवढी वर्षं थांबलो, आता चार महिने. फार बोलायचं ठेवू नका, आधी मुद्द्याचं. चहा मी करीन.

मधु


कॉव्हेंट्री,
१५ मार्च १९९२

अहो,

हे पत्र मी पोस्टात टाकणार नाही. बरोबर आणते, आणि तुमच्या शेजारी बसून मीच वाचून दाखवीन. डॉक्टर म्हणाले, ऐकू येतं, बरंचसं समजतं. मग तुम्हाला पत्राशिवाय कशाला ठेवू?

यमुनावन्संचा फोन आला तेव्हा मी लायब्ररीचं कपाट नव्या मुलीच्या ताब्यात देत होते. तुम्ही सकाळी पडवीत एका पोराचा हात बांधत होता आणि बाकावरच कलंडलात. त्या पोराच्या आईने आरडाओरडा केला आणि लोकांनी तुम्हाला तुमच्याच गाडीत घातलं, रोज दुसऱ्यांना नेत होता त्याच रस्त्याने नेलं. वाचलात. उजवा हात गेला, पाय थोडा गेला. बोलणं गेलं.

वन्संना मी विचारलं, काहीच बोलत नाहीत का? त्या म्हणाल्या, "एकच शब्द ऱ्हवलोहा गो." पाणी हवं तरी तोच म्हणतात. नको असलं तरी तोच. नर्सला तोच, वन्संना तोच, दुखलं की तोच, खिडकी लावा म्हणायला तोच. डॉक्टरांनी समजावलं, पक्षाघाताने मेंदूला मार बसला की कधीकधी असं होतं, सगळी भाषा पुसली जाते आणि एखादाच शब्द मागे राहतो, जो सर्वांत खोल गेलेला असेल तो. तुम्ही डॉक्टर, तुम्हाला हे माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल.

मी किती कोश उलटले. अरबीत दार, मराठीत मुद्दा, वेंगुर्ल्यात मुलगा, कॉव्हेंट्रीत कुणीही. मला वाटायचं, एवढ्याशा शब्दात याहून जास्त काय मावणार. आता त्यात तुमची सगळी भाषा मावली आहे.

काल वन्संनी हॉस्पिटलातून फोन लावला आणि रिसीव्हर तुमच्या कानाला धरला. तुम्हाला आठवत असेल, तरी सांगते. मी म्हटलं, "अहो." तुम्ही म्हणालात, "बाब." सात वर्षांनी तुमचा आवाज. मी विचारलं, जेवलात का? "बाब." फार दुखतंय का? "बाब." मी दहा एप्रिलचं तिकीट अलीकडे ओढलंय, गुरुवारी निघते. "बाब, बाब." तो हो होता, माझी खात्री आहे.

मग मला राहवलं नाही. विचारायला नको होतं, आजारी माणूस, वन्सं शेजारी उभ्या. पण नऊ वर्षं तो प्रश्न घेऊन बसले होते. मी म्हटलं, "त्या रविवारचं मला सांगायचं होतं ना तुम्हाला?"

पलीकडे काही वेळ नुसता श्वास ऐकू आला. मला वाटलं वन्संनी फोन घेतला. आणि मग तुम्ही सांगायला लागलात. बाब. बाब, बाब. हळू, मग भरभर. एका ठिकाणी आवाज चढला, एका ठिकाणी अडकलात, मागे गेलात, परत तेच सांगितलंत. मध्येच काही विचारल्यासारखं केलंत आणि स्वतःच उत्तर दिलंत. एका जागी इतके हळू झालात की मी रिसीव्हर कानात रुतवून धरला. तिथे तुम्ही गाडीत होता, ते मला कळलं. मला वचन आठवलं, म्हणून मी मध्ये बोलले नाही. नुसती 'हं' म्हणत राहिले. तुम्ही सगळं सांगितलंत. काही गाळलं नाहीत. त्यातलं एक अक्षर मला कळलं नाही, आणि ते आता मला कधीच कळायचं नाही.

तुम्ही थांबलात. रडत होता. मीही.

मी म्हटलं, "झालं सांगून?"

"बाब."

मी म्हटलं, "ऐकलं हो मी. सगळं ऐकलं."

मॉरीन गुरुवारी एअरपोर्टपर्यंत येणार आहे. घराची किल्ली तिच्याकडे देते. निळा स्वेटर बॅगेत सर्वांत वर ठेवलाय. आता तुम्ही बोलायचे कष्ट घेऊ नका. पाणी मागा, दार लावायला सांगा, मला रागवा, त्याला हाक मारा, सगळ्याला तोच शब्द पुरे. कुठला कशासाठी ते मी ओळखत जाईन. चुकले तर परत म्हणा.

तुमची
मधु